आईच्या पुनर्वसनात घरचा ‘चरबी-स्नायू’ काटा : चार महिन्यांच्या वापरानंतर

आषाढ लागण्याच्या काही दिवस आधी मागच्या दारी ओल्या शहाबादी फरशीवरून पाय घसरून माझी आई पडली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. तिचे वय ७४. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन मांडीच्या हाडात धातूचा रॉड बसला, नवव्या दिवशी आम्ही तिला घरी आणले, आणि पुढचे जवळजवळ चार आठवडे ती पलंग, कमोडची खुर्ची आणि पुन्हा पलंग एवढ्याच फेऱ्यांत राहिली. पडल्यानंतर सहा आठवड्यांनी फिजिओथेरपी केंद्रात नियमित जाणे सुरू झाले, त्याच आठवड्यात मी घरी वापरण्यासाठी शरीरातील चरबी आणि स्नायू मोजणारा वजनकाटा मागवला. काचेचा चौकोनी पाट, त्यावर पायांखाली येणाऱ्या धातूच्या चार पट्ट्या, मोबाइलवर उतरवायचे अ‍ॅप आणि किंमत १,८९९ रुपये. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे गुणदोष पुढे सांगणार आहे ते एका कंपनीचे नसून फक्त तळपायांतून मोजणाऱ्या या सगळ्या जातीच्या काट्यांचे आहेत.

निष्कर्ष आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाईने निर्णय घ्यायचा आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. वजनकाटा म्हणून ही वस्तू उत्तम आहे. हाताशी ५ किलोची तांदळाची सीलबंद पिशवी घेऊन आणि पिशवीशिवाय असे मी तिच्यावर अनेकदा उभी राहिले, आणि प्रत्येक वेळी फरक ५ किलोच्या आगेमागे १०० ग्रॅमपेक्षा जास्त गेला नाही. मात्र आजारपणातून उठणाऱ्या वृद्ध माणसाचे स्नायू वाढले की घटले हे ठरवण्यासाठी या काट्यावर विसंबू नये, असे माझे चार महिन्यांच्या नोंदींनंतरचे ठाम मत झाले आहे.

काटा घेण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पडण्यापूर्वी आईचे वजन ५८ किलो होते आणि काट्यावरची पहिली नोंद ५६.८ किलो आली. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘तब्येत काही उतरली नाही हो’ असे म्हणून जाई, आणि मला मात्र अंघोळ घालताना तिची मांडी हाताला वेगळी लागत होती. पूर्वी दंडात घट्ट बसणारे पोलके सैल झाले होते आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वजन जवळपास तेच राहून त्यातले मांस जाते आणि त्याची जागा चरबी घेते, ही गोष्ट नुसत्या वजनकाट्याला दिसत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले होते, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो मांस कमी झाले. ती माणसे आजारी नव्हती, त्यांचे हाड मोडले नव्हते आणि त्यांना भूल दिलेली नव्हती. आई त्याच्या कितीतरी पट दिवस झोपून होती.

त्यात आपल्या लोकांची शरीरेच अशी, की वजन आणि उंचीच्या गणितातून फारसे काही कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती याचे माप) अगदी एकसारखा, २२.३, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आईचा इंडेक्स २५.२ येतो. तो पाहून कोणीही तिला अशक्त म्हणणार नाही, आणि तरीही त्या वेळी तिला खुर्चीच्या हातांवर जोर न देता एकदाही उठता येत नव्हते. म्हणून वजनाच्या आत डोकावणारे काहीतरी हवे, एवढीच माझी इच्छा होती.

काटा आत डोकावतो असे म्हणतात ते पूर्ण खरे नाही, हे मला वापरता वापरता समजले. एका पायाच्या पट्टीतून अतिशय सौम्य, अंगाला न जाणवणारा विद्युतप्रवाह आत जातो आणि दुसऱ्या पायातून बाहेर येतो; वाटेत त्याला किती अडथळा झाला तेवढेच यंत्र प्रत्यक्ष मोजते. पाण्यातून वीज सहज वाहते, चरबीतून वाहत नाही, आणि स्नायूंत पाणी भरपूर असते, या तीन गोष्टींवरून आणि आपण भरलेल्या वय, उंची, लिंग आणि वजनावरून पुढचे सगळे आकडे सूत्राने काढलेले असतात. प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली उतरत असल्यामुळे छाती, पाठ आणि हात यांचे मोजमाप जवळजवळ होतच नाही, ते अंदाजाने भरले जाते. मी एक प्रयोग केला. आई काट्यावरून उतरल्याबरोबर अ‍ॅपमधले तिचे वय ७४ चे ४४ केले आणि तिला लगेच पुन्हा उभे केले. चरबी ३९.१ टक्क्यांवरून ३५.६ टक्के झाली. बाई तीच, पाय तेच, मधे दोन मिनिटेही गेली नव्हती.

दुसरी गोष्ट शब्दांची. अ‍ॅप ज्याला ‘मसल मास’ म्हणते ते हातापायांचे मांस नसते. एकूण वजनातून चरबी आणि हाडांचा अंदाज वजा करून जे उरते, म्हणजे रक्त, पाणी, यकृत, आतडी आणि स्नायू असे सगळे मिळून, ते त्या नावाखाली येते. आईचा तो आकडा पहिल्या दिवशी ३२.६ किलो होता. फिजिओथेरपी केंद्रात हात आणि पाय दोन्हींना पट्ट्या असलेले मोठे यंत्र आहे, आणि त्यावर तिच्या चारही हातपायांचे मांस मिळून ११.९ किलो आले. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून घाबरले, की इतका फरक कसा. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे होते. हे ना अ‍ॅपमध्ये कुठे सांगितले आहे ना खोक्यावर, आणि माझ्या मते विक्रेत्याकडून होणारी ही सगळ्यात मोठी दिशाभूल आहे.

आता वापराविषयी. जी माणसे वॉकर धरून उभी राहतात त्यांच्यासाठी हा काटा बनवलेलाच नाही. काच गुळगुळीत, पाट जमिनीपासून बोटभर उंच, आणि मोजमाप व्हायला दहा-बारा सेकंद स्थिर उभे राहावे लागते. वॉकरवर हात टेकले की अंगाचे काही वजन वॉकर घेतो आणि काट्यावर ५१, ५३, ५० असे काहीही येते. हात सोडले तर तोल जातो. शिवाय आईच्या टाचांना वर्षानुवर्षांच्या भेगा आहेत, तळवे कोरडे, त्यामुळे पट्ट्यांना स्पर्शच पुरेसा होत नसे आणि पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा येत. तळवे ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत म्हणून मी तसे केले. दुसऱ्याच दिवशी तिने ओलसर पाय काचेवर ठेवला, तो पुढे सरकला, आणि ‘अगं धर, धर मला’ असे म्हणत तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी मागेच उभी होते म्हणून निभावले. ज्या बाईचे हाड ओल्या फरशीवरून घसरून मोडले तिला मी स्वतःच्या हाताने ओल्या काचेवर उभे केले होते, ही गोष्ट मला अजून बोचते. नंतर काटा स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून ठेवला, ओट्याची कड तिच्या दोन्ही हातांच्या अगदी जवळ, बोटे टेकलेली पण जोर न दिलेली, आणि मी पाठीशी. माणूस मागे उभे असल्याशिवाय आम्ही हा काटा एकदाही वापरला नाही, आणि कोणी वापरू नये.

फरशीचाही फरक पडतो. माजघरातल्या जुन्या उंचसखल फरशीवर वजन ३०० ग्रॅमने बदलत असे, ओट्याजवळच्या सपाट टाइलवर ते स्थिर राहिले. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी काट्याची जागा, वेळ आणि कपडे एकच ठेवावेत. आम्ही सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, अशी वेळ ठरवली होती.

ज्या प्रसंगाने माझे मत बनले तो नारळी पौर्णिमेच्या आठवड्यातला. बाबा रोजचे आकडे एका फुलस्केप वहीत रकाने आखून लिहीत असत. त्या आठवड्यात वजन ५७.४ झाले, चरबी ३७.१ टक्क्यांवर उतरली आणि ‘मसल मास’ ३४.१ किलोवर चढला, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा दीड किलो जास्त. घरात आनंद झाला. आईने मामाला फोनवर सांगितले, की माझे मांस दीड किलोने वाढले, आता गणपतीत मी गौरींचा स्वयंपाक करणार. मीसुद्धा त्या आकड्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

पण त्याच दिवसांत कमोडवरून उठताना ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ माझा हात धरून ठेवत होती, आणि संध्याकाळी तिने सांगितले की जोडवी रुतताहेत. मी नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. दोन्ही पायांवर सूज होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय सुजला तर रक्ताच्या गाठीची शंका आधी दूर करावी लागते, म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन्ही पायांची डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, करवून घेतली, गाठ नव्हती. महिन्यापूर्वी तिला रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली होती, आणि पायांवर सूज येणे हा त्या गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. गोळी बदलली, पंधरा दिवसांत सूज ओसरली, आणि काट्यावरचे ‘मांस’ ३२.४ किलोवर आले.

काट्याने पायांत साचलेले पाणी मोजले होते आणि त्याला स्नायू म्हटले होते. विजेच्या दृष्टीने त्याची चूक नाही, कारण पाण्यातून प्रवाह सहज गेला आणि अडथळा कमी झाला की सूत्र तसेच उत्तर देणार. पण सूज ही पुनर्वसनातल्या वृद्धांना नेहमी होणारी गोष्ट आहे. हृदय, मूत्रपिंड, गोळ्या, दिवसभर पाय खाली सोडून खुर्चीत बसणे, अशा कितीतरी कारणांनी ती येते. म्हणजे ज्या रुग्णाला हा आकडा सगळ्यात जास्त हवा असतो, त्याच्याच बाबतीत तो सगळ्यात जास्त फसतो. आणि फसल्याची किंमत आईने मोजली. आकडा उतरला तेव्हा तिने मनाला फार लावून घेतले, दोन दिवस व्यायामाला नको म्हणाली आणि ‘खाऊन तरी काय अंगी लागतंय’ म्हणून ताटातली उसळ बाजूला सारली. त्यात अ‍ॅप दर वेळी ‘शरीराचे वय ८१’ असे मोठ्या अक्षरांत दाखवत असे. तो भाग बंद करण्याची सोय मला सापडली नाही, शेवटी मी तिला मोबाइल दाखवणेच थांबवले.

केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी वही दाखवली, तेव्हा त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘आजी, ही वही मी ठेवते बाजूला. तुम्ही मला सांगा, बादलीतून भरलेला तांब्या एका हाताने उचलता येतो का?’ आई म्हणाली, ‘अर्धा येतो.’ त्यांनी ते लिहून घेतले. त्या दिवसापासून आमच्या वहीतले रकाने बदलले.

वृद्धपणी मांस झिजण्याला ‘सार्कोपेनिया’ हा शब्द १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवला, आणि सुरुवातीची बरीच वर्षे त्याचा अर्थ मांस किती उरले एवढाच घेतला जाई. नंतर मत बदलत गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित युरोपीय व्याख्येत ताकदीला पहिले स्थान मिळाले, आणि आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या सहमतीत तर असे स्पष्ट आहे, की हाताची पकड कमी भरली किंवा खुर्चीतून पाच वेळा उठायला फार वेळ लागला, तर मांस मोजण्याची वाट न पाहता सार्कोपेनियाची शक्यता धरून आहार आणि व्यायाम सुरू करावा. त्या सहमतीनुसार पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे ही खूण, आणि छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागणे ही दुसरी. पोटरीचा घेरही त्यात आहे: पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढे तपासावे. आईची पोटरी, सूज नसलेल्या दिवशी, शिंप्याच्या टेपने २९.५ सेंटिमीटर भरली.

केंद्रातले मोठे यंत्र घरच्या काट्यापेक्षा निश्चितच सरस आहे, कारण ते हात, पाय आणि धड वेगवेगळे मोजते. आईच्या ११.९ किलोला तिच्या उंचीच्या वर्गाने भागले की ५.३ येते, अशा यंत्रांसाठी स्त्रियांची आशियाई मर्यादा ५.७ आहे, म्हणजे ती रेषेखाली होती. तरीही बाईंनी बजावले, की उजव्या मांडीत धातूचा रॉड असल्यामुळे त्या पायाचा आकडा धरायचा नाही, डाव्या पायाचा आणि हातांचा बघायचा. घरच्या काट्याला हा विवेक करण्याची सोयच नाही. त्याला दोन पाय मिळून एकच वाट दिसते, आणि आईच्या त्या वाटेत आता लोखंड आहे.

रोजच्या कामांसाठी केंद्राने बार्थेल निर्देशांक भरला. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तो प्रसिद्ध केला आणि जगभरच्या पुनर्वसन विभागांत तो अजून वापरात आहे. जेवणे, अंघोळ, तोंड धुणे व केस विंचरणे, कपडे, शौच व लघवीवर ताबा, संडासाचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणे, चालणे आणि जिना अशा दहा गोष्टी आणि एकूण गुण १००. आईला पहिल्यांदा ६५ मिळाले. अंघोळीला शून्य, जिन्याला शून्य. मला हा तक्ता आवडतो, कारण तो माणसाला विचारतो की तू काय करू शकतेस; पण तो आपल्या घरांकडे बघून बनलेला नाही हेही दिसते. चौरंगासमोर मांडी घालून बसणे, भारतीय पद्धतीचा संडास, खाली बसून भाजी निवडणे, बादली-तांब्याने अंघोळ, साडीच्या निऱ्या काढण्यासाठी उभे राहून खाली वाकणे, यांना त्यात जागा नाही. आईला मांडी घालायला डॉक्टरांनी तूर्त मनाई केली आहे, आणि देवपूजा खुर्चीवर बसून करावी लागते याचे दुःख तिला चालता न येण्याच्या दुःखाहून मोठे आहे. त्यासाठी आम्ही देवघरच कमरेच्या उंचीच्या टेबलावर हलवले.

व्यायामाचे तपशील इथे देत नाही, ते प्रत्येकाला त्याच्या फिजिओथेरपिस्टनेच ठरवून द्यावेत. एवढेच सांगते, की नुसते चालण्यावर त्यांनी भागवले नाही, घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पाय उचलायला लावले आणि दर पंधरवड्याला वजन थोडे वाढवले. वृद्धांना वजने द्यावीत का, हा प्रश्न बाबांनी विचारला होता. १९९४ मध्ये बॉस्टनच्या एका निवासी पुनर्वसन केंद्रातला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी ८७ वर्षांच्या शंभर दुबळ्या वृद्धांचा दहा आठवड्यांचा प्रयोग होता. वजनांचा व्यायाम केलेल्यांची पायांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीहून अधिक झाली, आणि मांडीचे मांस वाढले फक्त २.७ टक्के. हा अभ्यास मला माहीत असता तर नारळी पौर्णिमेच्या त्या आठवड्यात मी भुलले नसते. ताकद आधी येते, कारण मेंदू आणि मज्जातंतू उरलेल्या स्नायूला पुन्हा कामाला लावायला शिकतात. मांस मागाहून आणि थोडे थोडे भरते. दीड किलो मांस पंधरा दिवसांत कोणत्याच ७४ वर्षांच्या बाईच्या पायांवर चढत नाही.

आहाराचे थोडक्यात. मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याचे रक्त तपासून खात्री केल्यावर आहारतज्ज्ञांनी दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ६७ ग्रॅम प्रथिने सांगितली. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि वरणभात, एक भाकरी, भाजी, ताक या तिच्या जेवणात त्याच्या निम्मीही होत नव्हती. मटकीची उसळ, पनीर, मुगाचे धिरडे आणि रात्री दूध यांनी हळूहळू भर पडली. चातुर्मासातल्या एकादशींचा प्रश्न नाजूक होता, कारण उपवास सोडायला ती तयार नव्हती आणि साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो. मग उपवास तिचाच राहिला, फक्त ताटात साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि दही आले.

कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात, म्हणजे काटा घेतल्याला चार महिने होत आले तेव्हा, सगळे पुन्हा मोजले. घरच्या काट्यावर वजन ५६.२, चरबी ३८ टक्के, ‘मसल मास’ ३२.८. चार महिन्यांत २०० ग्रॅमची वाढ, जी सकाळी एक पेला पाणी जास्त प्यायल्यानेही दिसू शकते. फक्त हा काटा पाहिला असता तर सगळी मेहनत वाया गेली असे वाटले असते. त्याच आठवड्यात बार्थेलचे गुण ६५ वरून ९५ झाले. जिन्याला कठडा आणि सोबत लागते एवढेच पाच गुण गेले. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, हात छातीवर बांधून, पाच वेळा उठायला १४.२ सेकंद लागले. जुलैअखेरीस ती एकदाही उठू शकत नव्हती. माजघरातले ४ मीटरचे अंतर ९.५ सेकंदांऐवजी ५.४ सेकंदांत चालून झाले. पकड ११.५ किलोवरून १४ किलो झाली, ती अजून १८ च्या खूप खाली आहे आणि त्यावर काम चालू आहे. केंद्रातल्या यंत्रावर हातापायांचे मांस ११.९ वरून १२.३ किलो झाले. आणि तांब्या ती पूर्ण भरून उचलते.

पकड मोजण्याचे छोटे डिजिटल यंत्र मी सप्टेंबरमध्ये १,६५० रुपयांना घेतले होते, आणि दोन खरेद्यांपैकी उपयोगी ठरली ती हीच. बसून, कोपर काटकोनात ठेवून, दोन्ही हातांनी आलटून पालटून तीनदा दाबायचे आणि सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. यात पडण्याची भीती नाही, सुजेने आकडा फुगत नाही, वय विचारत नाही. आईला ते आवडते, कारण आपण जोर लावला आणि आकडा वाढला हा संबंध तिच्या हाताला कळतो. बोटांच्या सांध्यांचा आजार असेल तर मात्र दुखण्यामुळे आकडा कमी येतो, हे लक्षात ठेवावे. उरलेली साधने घरात होतीच: न हलणारा, भिंतीला टेकवलेला स्टूल, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि शिंप्याची टेप.

तेव्हा खरेदीविषयी माझे म्हणणे असे. घरात कोणी आधाराविना स्थिर उभे राहू शकत असेल, अंगावर सूज नसेल, आणि महिनोन्‌महिने वजनाचा कल पाहायचा असेल, तर असा काटा घ्यायला हरकत नाही. पंधरा दिवसांतून एकदा मोजावे आणि चरबी-स्नायूंच्या आकड्यांवरून औषध, आहार किंवा व्यायाम यांत स्वतःहून काहीही बदलू नये. वॉकरवर असलेल्या, सूज येणाऱ्या किंवा खुब्यात-गुडघ्यात धातू बसवलेल्या माणसासाठी १,८९९ रुपये यावर घालू नयेत. साधा वजनकाटा याच्या निम्म्या किमतीत येतो. वजनात दोन-तीन दिवसांत एकदम किलो-दीड किलोची वाढ दिसली तर ती चांगली बातमी समजू नका, पाय दाबून पाहा आणि डॉक्टरांना कळवा. या एका कामासाठी आमचा काटा अजून वापरात आहे.

आणि ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी या पाटावर पाय ठेवू नये. ही सूचना माझ्या काट्यासोबत आलेल्या पुस्तिकेत होती, पण अकराव्या पानावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. बाबांनी भिंग घेऊन वाचली तेव्हा काटा घरात येऊन तीन आठवडे झाले होते, आणि तोवर शेजारचे आमचे काका, ज्यांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसला आहे, गंमत म्हणून त्यावर उभे राहण्यासाठी चप्पल काढून पुढे आले होते. आईच काट्यावर उभी होती म्हणून ते थांबले. ही ओळ खोक्याच्या वरच्या बाजूला, मराठीत आणि हिंदीत, ठळक छापायला हवी. मी विक्रेत्याला तसे लेखी कळवले आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.